गणराजच्या तीन ओळी

सोमवारी सकाळी वर्षाली वाकडच्या ऑफिसात पोचली, पाण्याची बाटली भरून खुर्चीत बसली आणि मेल उघडला, तर सगळ्यात वर एका अनोळखी माणसाचं पत्र होतं. माणूस दूर देशीचा, भाषा फार सभ्य. ‘तुमच्या ड्रायव्हरमध्ये मला एक दोष सापडला आहे. तो गंभीर आहे असं वाटतं. दुरुस्ती होईपर्यंत मी याबद्दल कुठेही बोलणार नाही. सोबत एक छोटा प्रोग्राम जोडला आहे, तो चालवून पाहा.’ आणि खाली चौदा दिवसांची मुदत.

वर्षाली ज्या कंपनीत होती ती कारखान्यातल्या लाइनवर बसवायचे कंट्रोल बॉक्स बनवायची. चाकणपासून तळेगावपर्यंत कितीतरी शेडमध्ये त्यांचे करडे बॉक्स भिंतीला लटकलेले असत. प्रत्येकाच्या आत एक लहानसा कॉम्प्युटर आणि त्यावर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही वाचता-वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम. त्या सिस्टीमचा जो अगदी आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात कंपनीनं आपल्या सेन्सरशी बोलणारा दीड हजार ओळींचा एक प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहून दिला होता. नऊ वर्षं झाली त्याला. आता तर इतर कितीतरी कंपन्याही तो वापरत होत्या. लिहिला होता दोघांनी, वर्षालीनं आणि गणराजनं.

तिनं टेबलावरच्या चाचणीच्या बॉक्सवर साध्या ऑपरेटरच्या नावानं लॉगिन केलं आणि तो प्रोग्राम सोडला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. चौथ्या वेळी स्क्रीनवरचं चिन्ह बदललं. ज्याला फक्त लाइन चालू आहे की बंद एवढंच बघायची मुभा होती, तो ऑपरेटर डोळ्यांदेखत अख्ख्या बॉक्सचा मालक झाला होता. आता तो लाइन थांबवू शकत होता, प्रेसची सुरक्षा काढून टाकू शकत होता, आणि मागे आपली खूणही ठेवायची नाही असं ठरवू शकत होता.

वर्षालीनं ड्रायव्हरचा कोड उघडला.

दोष लॉकचा होता. एकाच नोंदीला दोन प्रोग्रामनी एका वेळी हात घालू नये म्हणून कर्नलमध्ये लॉक असतं. ज्याच्याकडे लॉक, त्यानंच ती नोंद हाताळायची, आणि काम झालं की लॉक सोडायचं. या ड्रायव्हरमध्ये एका ठिकाणी कामाच्या मधेच लॉक सोडलं जात होतं, कारण तिथं थोडी मेमरी मागून घ्यायची होती आणि ती मिळेपर्यंत लॉक अडवून बसणं चालत नाही. मेमरी मिळाली की लॉक परत घ्यायचं आणि काम पुढे चालू. यात गैर काही नव्हतं. गैर एवढंच होतं की लॉक परत घेतल्यावर ती नोंद अजून जागेवर आहे का, हे कुणी बघतच नव्हतं. त्या निमिषभरात दुसऱ्यानं ती नोंद पुसून तिथं आपलं काहीतरी आणून ठेवलं, तर कर्नल डोळे मिटून ते खरं मानत होता.

कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली हे सांगणारी सोय असते. वर्षालीनं ती कमांड दिली. ओळीशेजारी नाव उमटलं, गणराज आबाजी येळवंडे. तो कुठेही नाव लिहायचा ते वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

गणराज जाऊन तीन वर्षं झाली होती. भाद्रपदात डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत सदतिसाव्या वर्षी माणूस गेला. शेवटच्या दिवशी वर्षाली दवाखान्याच्या जिन्यात बसून होती आणि त्याची बायको प्राजक्ता तिच्या खांद्यावर डोकं टेकून होती. त्यानंतर त्याचं टेबल कुणाला द्यायचं यावर ऑफिसात कुणीच काही बोललं नाही, आणि सहा महिन्यांनी नवीन फर्निचर आलं तेव्हा ते टेबल आपोआप गेलं.

ती बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. तिला रागबिग काही आला नाही. उलट शाळेतून परतलेल्या पोराच्या गुडघ्याला खरचटलेलं दिसावं तसं काहीतरी वाटलं. अरे, इथं कसा चुकलास रे तू?

*

विलास सर कंपनीचे जुने माणूस. त्यांनी दार लावून सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, “आधी दुरुस्ती. मग सगळ्या बॉक्सना अपडेट. चौदाव्या दिवशी जाहीर होऊ दे. तोवर या खोलीबाहेर एक शब्द नाही.”

“दुरुस्ती अवघड नाही, सर. दोन दिवसांत होईल.” वर्षाली थांबली. “पण दुरुस्तीच्या चिठ्ठीत लिहावं लागेल, दोष कुठल्या बदलातून आला ते.”

“अर्थात. नियमच आहे.”

“तो बदल गणराजचा आहे.”

विलास सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कर्नलमधल्या प्रत्येक दुरुस्तीसोबत अशी चिठ्ठी जाते आणि ती कायमची राहते. कुणीही, कधीही उघडून बघावी. सुरक्षेतला दोष असला तर ती आणखीच जास्त लोक उघडतात.

“त्याच्या घरी कुणी वाचणार आहे का ते?” ते हळूच म्हणाले.

“प्राजक्ता त्याचं नाव टाकून शोधत असते. तिनंच सांगितलं होतं मला. दर वाढदिवसाला शोधते. कुठं कुठं त्याचं नाव निघतं ते त्याच्या वडिलांना, आबांना दाखवते. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी जाऊन सांगू का?”

“काय दोष आहे ते सांगू नकोस. कुणाचा आहे ते सांग,” विलास सर म्हणाले. “जा तू.”

दुरुस्ती खरंच अवघड नव्हती. लॉक परत घेतल्यावर नोंद जागेवर आहे का बघायचं, नसेल तर काम तिथंच सोडून मागे फिरायचं. तीन ओळी. त्या घालून वर्षालीनं त्या परदेशी माणसाचा प्रोग्राम दिवसभर पुन्हा पुन्हा चालवला. ऑपरेटर ऑपरेटरच राहिला. शुक्रवारी चिठ्ठी लिहायला बसली आणि ‘हा दोष अमुक बदलातून आला’ या ओळीशी येऊन अडली. ती ओळ तिनं चारदा लिहिली, चारदा पुसली.

तिला आठवत होता तो पहिल्या वर्षीचा गणराज. मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की तो वहीत बघायचा आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. वर्षाली काळेवाडीत वाढलेली, बाप लेथवर काम करणारा, पण तिची शाळा इंग्रजी होती आणि जीभ धारदार. गणराजच्या चिठ्ठ्यांचं इंग्रजी ती दुरुस्त करून द्यायची. त्याला स्क्रीनवर वाचलेलं पटत नसे, म्हणून तो आपला कोड कागदावर छापायचा, पेन्सिलनं खुणा करायचा आणि गठ्ठा तिच्या टेबलावर आणून ठेवायचा. “बघ जरा, वर्षाली. कुठं येडेपणा केला असंल तर सांग.” ती लाल पेन घेऊन बसायची. पहिला बदल जगानं स्वीकारला त्या दिवशी त्यानं चाकणहून एवढे पेढे आणले होते की वॉचमनसुद्धा नको म्हणाला.

*

रविवारी सकाळी ती स्कूटर काढून निघाली. तळवड्यावरून इंद्रायणीचा पूल ओलांडला, म्हाळुंग्याला कंटेनरच्या रांगेतून वाट काढत काढत खालुंब्र्याच्या अलीकडे डावीकडे वळली. येळवंड्यांची बरीचशी जमीन वीस वर्षांपूर्वीच एमआयडीसीत गेली होती. उरलं होतं ते कारखान्याच्या भिंतीला लागून असलेलं दीड एकर, आणि दुमजली घर. खालच्या मजल्यावर कारखान्यात कामाला येणारी पोरं भाड्यानं राहत, वर घरचे.

आबाजी गच्चीवर उन्हात बसून कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत होते. सत्तरी उलटलेला माणूस, पण हात चाललेला. वर्षालीला बघून त्यांनी जुडी खाली ठेवली.

“ये ये, पोरी. किती दिसांनी! प्राजक्ता, कोण आलंय बघ.”

प्राजक्ता ओले हात पदराला पुसत बाहेर आली. ती आता जवळच्याच एका कारखान्यात तपासणीला होती. तयार भाग मोजमापात बसतो का बघायचं आणि शिक्का मारायचा. चहा झाला, पोरीच्या अभ्यासाची चौकशी झाली. पोरगी मामाकडे राजगुरुनगरला गेली होती. मग वर्षाली कप हातात धरून नुसतीच बसली.

“काहीतरी आहे ना, ताई?” प्राजक्ताच म्हणाली.

“आहे.” तिनं कप ठेवला. “गणराजनं लिहिलेल्या कामात एक चूक सापडलीय. मोठी आहे. आम्ही ती दुरुस्त केलीय, कुणाचं नुकसान होऊ देणार नाही. पण दुरुस्तीवर लिहावं लागतं, चूक कुठून आली ते. उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी ते सगळ्या जगाला दिसेल. त्यात त्याचं नाव असेल. तुम्हाला दुसरीकडून कळू नये म्हणून आले. आणि तोवर हे कुणाला सांगू नका.”

“कुणाला सांगू?” आबाजी म्हणाले. “म्हशीला?”

प्राजक्ता हसली, पण डोळे खाली होते. आबाजींनी जुडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

“आमाला काय कळतंय त्यातलं,” ते थोड्या वेळानं म्हणाले. “त्यो कामाला लागला तवा म्या गावात सांगत फिरलो, पोरगं कर्नलसायबाच्या हाताखाली हाय म्हणून. दोन वरसं सांगितलं. लोक इचारायचे, मिलिटरीत का? म्या म्हणायचो, मिलिटरीत न्हाई, पर कर्नलच्या हाताखाली हाय. मंग एक दिस त्यानंच हसत हसत सांगितलं, आबा, त्यो कर्नल येगळा.” ते स्वतःशीच हसले आणि मग एकदम गंभीर झाले. “चूक काय केली त्यानं? मला समजंल असं सांग.”

काय दोष आहे ते सांगायचं नव्हतं. पण समोर बाप बसला होता. वर्षालीनं शब्द शोधले.

“एक गोष्ट चौघांच्या कामाची असते, आबा. गोंधळ होऊ नये म्हणून तिला कुलूप असतं. ज्याच्याकडे किल्ली, त्यानंच काम करायचं. मधेच काही कारणानं किल्ली सोडावी लागते. मग परत येऊन किल्ली घ्यायची आणि राहिलेलं काम करायचं—”

“म्हंजी आमची हीर,” आबाजी म्हणाले.

“काय?”

“आमी चार भाऊ, हीर एक. मोटरीच्या पेटीला कुलूप, किल्ली एकच, खुंटीला. ज्याच्या हातात किल्ली त्याची पाळी. एकदा काय झालं, माझं रान आर्धं भिजलं व्हतं. भूक लागली. म्या मोटर बंद केली, किल्ली खुंटीला लावली आन् भाकर खायला घरी आलो. परत गेलो, किल्ली घेतली, मोटर दाबली आन् बांधावर बसलो निवांत. तासाभरानं बघतोय तर माझं वाफं कोरडं ठाक, आन् तिकडं सोनबाचा ऊस डुबलाय! मधल्या टायमाला त्यानं पाइप त्याच्याकडं फिरवला व्हता. त्याला तरी काय बोलणार? किल्ली खुंटीला म्हंजी पाळी मोकळी.” त्यांनी मान हलवली. “माझंच चुकलं. मोटर दाबायच्या आधी पाइप कुठं हाय ते बघायला पायजे व्हतं.”

वर्षाली त्यांच्याकडे बघतच राहिली. “हेच, आबा. बरोबर हेच. परत आल्यावर बघितलं नाही.”

“असं व्हय.” आबाजी जरा हट्टानं म्हणाले, “पर गणूला तर ही गोष्ट पाठ व्हती. शंभरदा सांगितली आसंल म्या. त्यो न्हाई बघणार, असं कसं?”

“माणूस आहे, आबा. होतं,” वर्षाली हळू आवाजात म्हणाली.

“त्याचे कागद हायत की. प्राजक्ता, आन गं ती पेटी. हिला बघू दे.”

ऑफिसातलं टेबल आवरलं तेव्हा त्याचे कागद घरी पाठवले होते, ते या घरानं जपून ठेवले होते. प्राजक्तानं पत्र्याची पेटी ओढत आणली. “रद्दीत टाकायला हात होत नाही, ताई. त्याच्या हातच्या खुणा आहेत सगळ्यावर.” वर डांबराच्या गोळ्या, खाली सुतळीनं बांधलेले गठ्ठे. प्रत्येकावर तारीख. गणराजची शिस्तच तशी.

वर्षालीला नऊ वर्षांपूर्वीचा जून सापडायला वेळ लागला नाही. तिनं सुतळी सोडली. कागद कडांना पिवळे पडले होते, पण पेन्सिल अजून ठसठशीत होती. चौथ्या पानावर तिला ते फंक्शन दिसलं. लॉक घेतलं, नोंद शोधली, लॉक सोडलं, मेमरी मागितली, लॉक परत घेतलं. आणि त्याच्या खाली तीन ओळी होत्या. नोंद जागेवर आहे का बघ, नसेल तर मागे फिर. परवा तिनं स्वतः लिहिलेल्या त्याच तीन ओळी.

शेजारी समासात पेन्सिलनं, मराठीत लिहिलं होतं, ‘पाइप कुठं आहे ते बघणे.’

आणि त्या तीन ओळींवरून आडवी लाल रेघ होती. रेघेच्या टोकाला लाल शाईत, भराभर लिहिलेलं इंग्रजी वळण. ‘गरज नाही. इथे मधे कोण येणार? उगाच कोड वाढतो. काढ. – व.’

वर्षालीनं आपलं अक्षर ओळखलं. आपलं अक्षर ओळखायला वेळ लागतो थोडाच? तरी ती परत परत वाचत राहिली. त्या वेळी खरंच मधे कुणी येत नव्हतं. बॉक्समध्ये एकच प्रोग्राम चालायचा. दुसऱ्यांना वाट पुढे दोन वर्षांनी उघडली गेली. हे सगळं तिच्या मनात झरझर येऊन गेलं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीला ती धरून राहू शकली नाही. त्याला ते सुचलं होतं. त्यानं लिहिलं होतं. तिनं काढायला लावलं होतं, आणि त्यानं मुकाट्यानं काढलं होतं, कारण तिचं इंग्रजी चांगलं होतं, आवाज ठाम होता, आणि तिच्याकडे लाल पेन होतं. आणि आठवडाभर ती त्याला मनातल्या मनात माफ करत बसली होती!

“काय झालं, ताई?” प्राजक्तानं विचारलं.

वर्षालीनं कागद पुढे केला. बोलायला गेली आणि तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. गच्चीवर, उन्हात, रोपांच्या जुड्यांमध्ये, अडतीस वर्षांची बाई लहान पोरीसारखी रडत होती आणि भिंतीपलीकडे कारखान्याची फोर्कलिफ्ट पीं पीं करत मागे सरकत होती.

“त्याची चूक नाही,” शेवटी तिला एवढं म्हणता आलं. “त्यानं बघितलं होतं. मी खोडलं. हे लाल माझं आहे.”

प्राजक्तानं कागद घेतला. तिला त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं, पण रेघ कळत होती. तिनं तो आबाजींच्या हातात दिला. आबाजींनी खिशातून चष्मा काढला, कागद लांब धरला, आणि त्या सगळ्या परक्या अक्षरांमधून त्यांना वाचता येणारी एकच ओळ शोधून काढली.

“पाइप... कुठं आहे... ते बघणे,” त्यांनी बोट ठेवून वाचलं. “बघ. म्या म्हणलं नव्हतं? गणूला पाठ व्हतं.”

आबाजींनी कागदावरून अंगठा फिरवला, पेन्सिल पुसली जाईल म्हणून लगेच उचलला. मग वर्षालीकडे बघून त्यांनी विचारलं, “हा कागद आजून कुणी बघितलाय?”

“नाही, आबा.”

“तुला कुणी इचारणार हाय?”

“नाही.”

“मंग गप बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?”

“कुणालाच नाही. त्याचंच नाव राहिलं असतं.”

आबाजींनी मान डोलावली. “त्यानं तुझं ऐकलं कशापायी?”

“त्याला वाटायचं, मला जास्त कळतं.”

“न्हाई.” म्हाताऱ्यानं कागद नीट घडीवर घडी घालून तिच्या हातात दिला. “त्याचा इस्वास व्हता तुझ्यावर. घरी येऊन सांगायचा, वर्षालीनं बघितलंय म्हंजी आता झोप लागंल. त्यो इस्वास काय फुकट गेला न्हाई. तू आलीस न्हवं आज?”

प्राजक्ता वर्षालीच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

“ताई, मी दिवसाला नऊशे पीसवर शिक्का मारते,” ती म्हणाली. “एखादा चुकीचाही गेला असेल. गेलाच असेल. रिजेक्शन आलं की पीस बनवणाऱ्याला नाही, आधी शिक्का मारणाऱ्याला बोलावतात. उभं राहून सांगावं लागतं, हो, माझा शिक्का आहे. पहिल्यांदा सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण सांगितल्यावर त्या रात्री झोप लागते.” तिनं हात जरा दाबला. “जेवून जा. पिठलं टाकते.”

*

सोमवारी वर्षालीनं चिठ्ठी लिहायला घेतली आणि या वेळी ती कुठे अडली नाही. दोष कुठल्या बदलातून आला ते लिहिलं. मग पुढे लिहिलं, की मूळ लेखकानं पहिल्या आवृत्तीत ही तपासणी घातली होती. ती अनावश्यक आहे असं सांगून मी काढायला लावली. तो निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. ही दुरुस्ती म्हणजे त्याच तीन ओळी परत जागेवर आणणं आहे. आणि सगळ्यात शेवटी, जिथं दुरुस्ती कुणाची ते लिहितात, तिथं आपल्या नावाच्या वर तिनं त्याचं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट.

विलास सरांनी ते दोनदा वाचलं.

“एवढं लिहायची गरज नाही, वर्षाली. नुसता मूळ बदलाचा नंबर पुरतो. तू या टीमची प्रमुख आहेस, ग्राहक वाचतात हे. उद्या कुणी विचारेल.”

“विचारू देत, सर. मी सांगेन.”

“मलाही उत्तर द्यावं लागेल ना.”

“मग माझ्याकडे पाठवा.”

ते खुर्चीत मागे रेलले. तिच्या टेबलावर तो घडी घातलेला कागद पडला होता. त्यांनी तो उघडला, लाल रेघ बघितली, समासातली ओळ बघितली. “हे पाइप काय आहे?” त्यांनी विचारलं, आणि तिनं सांगितलं. विहीर, किल्ली, खुंटी, सोनबाचा ऊस, सगळं. विलास सरांचं लहानपणही तिकडच्याच खेड तालुक्यात, शेतात गेलेलं. ते एकटेच खूप वेळ हसले आणि मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“पाठव,” ते म्हणाले. “शब्द बदलू नकोस.”

पुढचा आठवडा धावपळीत गेला. कारखान्या-कारखान्यांतून बॉक्स अपडेट होत गेले, कुठे शिफ्ट बदलताना, कुठे जेवणाच्या सुट्टीत. कर्नलचा तो भाग सांभाळणारा परदेशातला म्हातारा इंजिनिअर कडक म्हणून प्रसिद्ध होता, चिठ्ठीतल्या स्वल्पविरामावरून दुरुस्त्या परत पाठवायचा. त्यानं दुरुस्ती घेतली आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘पहिली आवृत्ती बरोबर होती.’ ज्यानं दोष शोधला होता त्या माणसाचंही उत्तर आलं. त्याला मूळ लेखकाला आभाराचे दोन शब्द पाठवायचे होते, पत्ता मिळेल का? वर्षालीनं त्याला खरं काय ते कळवलं. त्यावर त्यानं लिहिलं, मला माफ करा, मला माहीत नव्हतं, त्यांच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

सोमवारी दुपारी सगळं जाहीर झालं. प्राजक्ताची दुसरी शिफ्ट होती, तेव्हा ती अजून घरीच असणार म्हणून वर्षालीनं फोन लावला. ती आणि आबा दोघं रानात होती. लावणी चालू होती, मागे बायकांचे आवाज येत होते. प्राजक्तानं फोन स्पीकरवर टाकला.

“आबा, वाचू का?”

“आधी इंग्रजीतनं वाच,” आबाजी म्हणाले. “जसं हाय तसं. मंग मराठीत सांग.”

तिनं वाचलं, सावकाश, पहिल्या शब्दापासून. मग मराठीत सांगितलं. म्हाताऱ्या इंजिनिअरची ओळ सांगितली, आणि दूरवरच्या त्या माणसाचा नमस्कारही. शेवटी चिठ्ठीखालचं गणराजचं नाव वाचलं तेव्हा आबाजींनी अडवलं.

“ते परत वाच. नाव.”

“गणराज आबाजी येळवंडे.”

“माझं बी हाय व्हय त्यात?”

“आहे की, आबा. मधे. तो नेहमी पूर्णच लिहायचा.”

पलीकडे नुसतं वारं ऐकू येत होतं. मग प्राजक्ताचा आवाज आला, अगदी फोनजवळ, दबलेला. “ताई, आबा उठून बांधापाशी गेलेत. पाठमोरे उभे आहेत. थांबाल ना जरा?”

“थांबते,” वर्षाली म्हणाली.

ती फोन कानाला लावून बसून राहिली. समोर कुणीतरी काहीतरी विचारायला आलं, तिनं हातानंच नंतर म्हणून सांगितलं. प्राजक्ताचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं पावलांचा आवाज आला आणि म्हातारा खाकरला.

“हायेस का गं?”

“आहे, आबा.”

“रविवारी ये,” आबाजी म्हणाले. “तुझ्या नवऱ्याला बी घिऊन ये. आधी लावलेल्या वाफ्यातली कांद्याची पात कवळी हाय आत्ता, चार जुड्या काढून ठिवतो.”